उंबराखालची हरिणी

नदीकाठच्या एका जंगलात, उंच उंबराच्या झाडावर, एक वानर राहत असे. त्याचे कान मोठे तिखट. दूरवर वाघाच्या पायाखाली पाचोळा वाजला, की हा वरून ओरडे आणि खाली चरणारी हरणे धूम ठोकत. त्यांतली एक हरिणी रोज उंबराखाली येई. वानर तिच्यासाठी पिकलेली उंबरे खाली टाकी. खाता खाता ती म्हणे, "दादा, काल ना, माझ्या पाडसाचा पाय..." की वानर लगेच सुरू होई, "पायाचं काय सांगतेस! एकदा माझा पाय असा मुरगळला होता..." मग दिवस मावळेपर्यंत त्याचीच कहाणी. मुलांनो, वानर मनाचा वाईट नव्हता हं. आपण दोघे छान गप्पा मारतो, असेच त्याला वाटे.

एक दिवस हरिणी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. सगळा कळपच दिसेनासा झाला. उंबरे झाडाखाली तशीच पडून राहू लागली. वानर तिचे बोलणे आठवू लागला, तर आठवे ते फक्त "दादा, काल ना, माझ्या पाडसाचा पाय..." एवढेच. पुढचे त्याने कधी ऐकलेच नव्हते. त्याला फार रडू आले.

शेवटी त्याने सशाला विचारले. ससा म्हणाला, "इथलं गवत सगळ्यांना पुरेना, म्हणून कळप नदीपलीकडे गेला. पाडसाचा पाय दुखावलेला, तरी ती त्याला घेऊन गेली. 'कळप गेला तरी तू आमच्यासाठी पहारा ठेवशील का, म्हणजे आम्ही दोघं इथेच राहू,' एवढंच तिला तुम्हाला विचारायचं होतं. रोज त्यासाठीच यायची." त्या दिवसापासून वानर शेंड्यावर बसून नदीपलीकडे बघत राही. पाचोळा वाजला, की आधी त्याला तीच आल्यासारखे वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली आणि कळप परतला. हरिणी उंबराखाली आली. मागून पाडस आले, अंगाने मोठे झालेले, पण एका पायाने लंगडणारे. "दादा, नदी ओलांडताना ना..." एवढे बोलून ती सवयीने थांबली. वानराच्या ओठांवर स्वतःची एक कहाणी आलीच होती. त्याने ती गिळली, चार फांद्या खाली उतरला आणि म्हणाला, "मग? पुढे काय झालं?" हरिणीने वर पाहिले. तिचे डोळे भरून आले, आणि ती बोलू लागली.

तात्पर्य : माणूस जवळ आहे तोवर त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, तो गेल्यावर त्याचे अर्धे राहिलेले वाक्य आपल्याला पुरे करता येत नाही.