ससाण्याचा तिसरा घास

एका राज्यात पाखरं बोलत असत, आणि त्याचं कोणाला नवल वाटत नसे. नवल वाटे ते प्रधानजी गप्प बसले तर. त्या राज्याचा राजा रणधवल शिकारीचा मोठा शौकीन. एके दिवशी त्याने आपला ससाणा हवेत सोडला, तो नेमका कालकंठ जादूगाराच्या खांद्यावर बसलेल्या लाव्यावर झेपावला. त्या इवल्याशा पाखराला कालकंठाने सात वर्षं खपून मंत्र शिकवले होते.

राजा घोड्यावरूनच म्हणाला, "एक लावाच तर होता. दुसरा देतो."

कालकंठ ओरडला नाही. त्याने खांद्यावरची पिसं झटकली आणि शांतपणे शाप सांगितला. "राजा, तू ससाणा होशील. ज्याने जन्मात मांस खाल्लं नाही, त्याच्याच हातचं खाशील, दुसऱ्याच्या हाताला चोच लावणार नाहीस. त्यातले तीन घास मोजायचे. एक पौर्णिमेचा, एक अष्टमीचा, एक अमावास्येचा. घास देताना तो हात मनापासून थरथरला, तरच तू सुटशील. अमावास्येचा सूर्य मावळला, की आपण राजा होतो हेच तू विसरशील."

राजा घोड्यावरून उडाला आणि राजवाड्याच्या सज्जात जाऊन बसला.

प्रधानजींनी दवंडी पिटली. माणसं पुष्कळ आली. एकाने रस्सा प्यायला होता, पण तुकडा खाल्ला नव्हता. दुसऱ्याने लहानपणी खाल्लं होतं, ते धरायचं का, असं त्याने विचारलं. शेवटी हवी ती व्यक्ती सापडली राजाच्याच धान्यकोठीत. तिथे धान्य पाखडणाऱ्या बकुळेच्या घरी सात पिढ्यांत कोणी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. मुंग्यांची रांग दिसली तर ती सूप घेऊन थांबून राही.

"बाई, आजपासून तुझी नेमणूक सज्जात," प्रधानजी म्हणाले. "ससाण्याला लावे भरवायचे."

"प्रधानजी, मी मांसाला शिवत नाही."

"म्हणून तर तुला नेमली."

"शिवत नाही, म्हणून शिवायचं?"

"अगदी बरोबर. कळलं ना?"

बकुळेला काही कळलं नाही. खरं तर प्रधानजींनाही कळलं नव्हतं, पण राजमुद्रा त्यांच्याजवळ होती. नाही म्हणावं, तर राजा कायमचा जातो. आणि हा राजा काही वाईट नव्हता. दुष्काळात त्याने कोठ्या उघडल्या होत्या, तेव्हा रांगेत बकुळाही पदर पसरून उभी होती. ती सज्जाच्या पायऱ्या चढली, चार उतरली, पुन्हा चढली.

पौर्णिमेची सकाळ झाली. चामड्याचा हातमोजा तिने परत पाठवला आणि गोधडीची पट्टी हाताला गुंडाळली. ओंजळीत ज्वारी घेऊन ती ससाण्यापुढे उभी राहिली. "महाराज, आधी हे बघा."

"ससाणा दाणे खात नाही," राजा म्हणाला.

"मग माझ्या दंडाचं मांस चालेल?"

"मी माणूस आहे. माणसाचं मांस कसं खाऊ?"

"मग लाव्याचं कसं खाता?"

"तेव्हा मी ससाणा असतो."

बकुळेने यावर बराच विचार केला. विचार करून डोकं दुखायला लागलं, तेव्हा तिने लाव्यांच्या टोपलीत हात घातला. हाती आलेला लावा म्हणाला, "न्यायचं तर ने. पण नाव विचारून ने. सगळे आम्हाला नुसतं लावा म्हणतात."

"काय नाव तुझं?"

"भुरकट."

तिचा हात असा थरथरू लागला की भुरकटच म्हणाला, "नीट धर, पडेन ना मी." बकुळेने डोळे मिटले. ससाण्याने घास घेतला, आणि त्याच्या डोक्याला उजवीकडे माणसाचा कान उगवला. दरबाराने टाळ्या वाजवल्या. बकुळा विहिरीवर जाऊन दुपारपर्यंत हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी ठिपक्या. तिसऱ्या दिवशी रानी. रोज एक लावा, रोज एक नाव. पाखडताना ती सगळी नावं पुन्हा पुन्हा म्हणे, म्हणजे एकही गळायला नको. अष्टमीला नववा आला, त्याचं नाव खडीसाखर. हात थरथरला, ससाण्याला झुपकेदार मिशा आल्या, आणि राजवाड्यात लाडू वाटले गेले.

इथून पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगितलं पाहिजे. लाडू खाऊन झाल्यावर जो तो बकुळेचं कौतुक करू लागला. प्रधानजींनी तिला शालजोडी दिली. काम काय, रोजचं झालं की हाताला वळण पडतं. ती पटकन झाकण उघडी, पटकन हात घाली, पटकन पायऱ्या उतरे. एके दिवशी तर ती गुणगुणत उतरली. तिचं तिलाच ते कळलं नाही.

अमावास्या उजाडली. बकुळेने लावा काढून हात पुढे केला. ससाण्याने चोच उघडली आणि मिटली.

"बकुळे, तुझा हात थरथरत नाही."

तिने हाताकडे पाहिलं. हात खुंटीइतका स्थिर होता.

प्रधानजी धावले. त्यांनी तिचा हात विहिरीच्या गार पाण्यात बुडवला. हात गारठला, पण थरथरला नाही. मग तिच्या कानाशी नगारा बडवला. ती दचकली, हात तसाच. मग त्यांनी घाम पुसून हळूच सांगितलं, "बाई, नुसता हलव की जरा!"

"मनापासून म्हटलंय, प्रधानजी. मला खोटं थरथरता येत नाही." बकुळा मटकन खाली बसली. "आणि खरं थरथरणं कुठे गेलं, तेही कळत नाही."

दिवस कलला. सज्जात उन्हाची एक पट्टी उरली. ससाणा भुकेला होता, तरी त्याने घास मागितला नाही. त्याने विचारलं, "याचं नाव काय?"

बकुळेने हातातल्या लाव्याकडे पाहिलं.

"कालच्याचं?"

"आठवत नाही, महाराज." मग तिचा आवाज फुटला. "आठवत नाही असं नाही. मी विचारलंच नाही. कालच्याला नाही, परवाच्याला नाही. अष्टमीनंतर सहा गेले, एकालाही नाही!"

आणि ती रडू लागली. हातावर बसलेला लावा खालीवर होऊ लागला. तो म्हणाला, "माझं नाव चुकार. आणि नीट धर, पडेन मी."

"थरथरतोय! थरथरतोय!" प्रधानजी ओरडले. "दे लवकर, ऊन चाललं!"

बकुळेने हात छातीशी ओढून घेतला. "आता कसा देऊ? देता येत होतं, तेव्हा थरथरत नव्हता. आता थरथरतोय, तर देववत नाही. महाराज, मला क्षमा करा. हे काम माझ्याच्याने होणार नाही."

उन्हाची पट्टी भिंतीवर चढली, बोटभर उरली. राजाने एका कानाने तिचं रडणं ऐकलं. मग त्याने मिशा फेंदारल्या आणि म्हटलं, "बकुळे, तुझ्या पदराला ज्वारी आहे का?"

"आहे. पण ससाणा दाणे खात नाही."

"तू मांसाला शिवत नव्हतीस. पंधरा दिवस माझ्यासाठी शिवलीस. मला एक दाणा गिळता येणार नाही?"

तिने दुसऱ्या हाताने दाणा धरला. तोही हात थरथरत होता. ससाण्याने दाणा चोचीत घेतला. त्याला उमासा आला, घशात टोचलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने तो गिळला.

उन्हाची पट्टी मिटली. कठड्यावर राजा रणधवल बसला होता, मिशांसकट, आणि दोन्ही कान जागच्या जागी. नगारे वाजले. प्रधानजी आनंदाने काय बोलले ते कोणालाच कळलं नाही.

तेवढ्यात कालकंठ पायऱ्या चढून आला. बकुळेने त्याला विचारलं, "दाणा चालत होता?"

"मी घास म्हटलं होतं," कालकंठ म्हणाला. "मांसाची अट मी घास देणाऱ्याला घातली, घासाला नाही."

"मग ते पंधरा?"

कालकंठाने तिच्याकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं. "पंधरा दिवस नुसत्या दाण्यांवर ससाणा जगला नसता, असं मला वाटतं. पण करून कोणी पाहिलं नाही." एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला, आणि त्या राज्यात पुन्हा दिसला नाही.

राजाने त्या दिवसापासून शिकार सोडली आणि हुकूम काढला, की ज्या कामाला ज्याचा हात थरथरतो, ते काम सांगण्याआधी त्याला विचारावं. राज्याची घडी नीट बसली. बकुळा धान्यकोठीत परतली. तिने बरोबर केलं की चूक, हे तिने राजाला विचारलं. राजा म्हणाला, "मीही तेच विचारतो आहे."

आजही दर पौर्णिमेला ती सज्जाखाली पंधरा मुठी ज्वारी टाकते. नऊ मुठींना नावं घेते. पुढच्या सहांना काय म्हणावं ते तिला सुचत नाही. हात थरथरतो, दाणे भलतीकडेच सांडतात, आणि चुकार ते टिपत टिपत म्हणतो, "सांडू दे, बकुळे. आज नीट धरू नकोस."