खारुलीचा कापूस आणि गाडीचं नाक

एक होती खार. तिचं नाव खारुली. तिला होतं एक पिल्लू. एवढंस्सं.

एक दिवस पिल्लू म्हणालं, "आई, फांदी टोचते. मला गादी हवी."

सावरीची बोंडं फुटली होती. खारुलीने कापूस वेचला. मऊ मऊ, पांढरा पांढरा. केवढा तरी मोठा गोळा झाला.

तेवढ्यात वारा आला. भुर्र! कापूस उडायला लागला. आता ठेवायचा कुठे?

झाडाखाली होती दादाची गाडी. निळी, जुनी, खूप जुनी. गाडीला पुढे होती एक नळी. गाडी त्या नळीतून श्वास घ्यायची. तेच गाडीचं नाक.

खारुलीने नाकात कापूस ठेवला आणि उरलेला वेचायला गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

इकडे दादा आला. त्याने किल्ली फिरवली. गाडीने श्वास घेतला, सूंऽऽऽ! कापूस गेला आत.

मग गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. धडधड, धडधड, फुस्स. बंद!

दादाने पुन्हा किल्ली फिरवली. धडधड, धडधड, फुस्स. बंद!

खारुली आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय, कापूस नाही!

"गाडीबाई, गाडीबाई, शिंक ना.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

गाडी म्हणाली, "तोंड मिटून कुणी शिंकतं का? बॉनेट उघडेल, तर मी शिंकेन."

खारुली गेली बॉनेटवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॉनेटराव, बॉनेटराव, उघडा ना.
गाडी शिंकत नाही.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

बॉनेट म्हणालं, "मी आपलं आपण कसं उघडू? दादा हात लावेल, तर मी उघडेन."

खारुली गेली दादाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दादा, दादा, हात लाव ना.
बॉनेट उघडत नाही.
गाडी शिंकत नाही.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

दादा म्हणाला, "नाकात कापूस? मलाही तसंच वाटत होतं. पण आमच्याकडे मोठ्यांना विचारल्याशिवाय गाडी उघडत नाहीत. आप्पा हो म्हणतील, तर मी हात लावेन."

आप्पा म्हणजे दादाचे बाबा. ते पेपर वाचत होते. खारुली गेली आप्पांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आप्पा, आप्पा, हो म्हणा ना.
दादा हात लावत नाही.
बॉनेट उघडत नाही.
गाडी शिंकत नाही.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

आप्पांनी पेपर काही खाली केला नाही. पेपराआडूनच म्हणाले, "नाकबिक काही नाही. पेट्रोलमध्ये पाणी आहे. आणि आक्का माझ्याहून मोठी. ती मान हलवेल, तर मी हो म्हणेन."

आक्का म्हणजे आप्पांची मोठी बहीण. त्या शेंगा सोलत होत्या. खारुली गेली आक्कांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आक्का, आक्का, मान हलवा ना.
आप्पा हो म्हणत नाहीत.
दादा हात लावत नाही.
बॉनेट उघडत नाही.
गाडी शिंकत नाही.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

आक्का म्हणाल्या, "अगं, गाडीला दृष्ट लागलीय. लिंबू बांधा म्हटलं तर ऐकतंय कोण? आणि मी कशी मान हलवू? नाना सगळ्यांत मोठे. नाना बोलतील, तर मी मान हलवेन."

नाना म्हणजे आक्कांचे मोठे भाऊ. ते राहायचे समोरच्या घरात. मध्ये एक बोळ, एवढासा. नाना ओट्यावर बसले होते. पुढ्यात चकलीची बशी. शेजारी पाण्याचा पेला. पेल्यात नानांचे दात! म्हणजे कवळी. खातानाच घालायची, एरवी पाण्यात.

खारुली गेली नानांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नाना, नाना, बोला ना.
आक्का मान हलवत नाहीत.
आप्पा हो म्हणत नाहीत.
दादा हात लावत नाही.
बॉनेट उघडत नाही.
गाडी शिंकत नाही.
कापूस सुटत नाही.
पिल्लू निजत नाही."

नाना हळूहळू म्हणाले, "आमच्या वेळी गाड्या थरथरत नव्हत्या. आता मी तिथे येऊन बघायला हवं. पण मोठी माणसं अशी चालत जात नाहीत. गाडी मला न्यायला येईल, तर मी बोलेन."

खारुली बघतच राहिली.

गाडी कशी येणार? ती तर धडधड, धडधड, फुस्स!

तिने गाडीकडे पाहिलं. नानांकडे पाहिलं. मधल्या बोळाकडे पाहिलं. एका उडीचा बोळ.

वर फांदीवरून पिल्लू म्हणालं, "आई, टोचतंय गं."

खारुलीने मग कुणालाच विचारलं नाही.

पेल्यात हात घातला, बुडुक! कवळी उचलली, टुपुक! आणि बोळापलीकडे उडी, टुणुक!

नानांनी चकली उचलली आणि पेल्यात हात घातला. दात नाहीत!

"ए, माझी कवळी दे."

खारुली गाडीवर बसून म्हणाली, "नाना बोलतील, तर मी कवळी देईन."

नाना उठले. बोळ ओलांडला. चालत. पटापट, पटापट. गाडी न्यायला आलीच नाही, तरी पोचले.

तोंडात दात नाहीत, त्यात लागली धाप! गाडीकडे काठी दाखवून नाना बोलले, "फुफ् फुफ्, फुफुफुफ्."

कुणाला काही कळलं नाही. पण नाना बोलले ना!

नाना बोलले, आक्कांनी मान हलवली.
आक्कांनी मान हलवली, आप्पा हो म्हणाले.
आप्पा हो म्हणाले, दादाने हात लावला.
दादाने हात लावला, बॉनेट उघडलं, खटॅक!
बॉनेट उघडलं, गाडी शिंकली, आऽऽक्छी!
गाडी शिंकली, कापूस सुटला, भुस्स!

दादाने किल्ली फिरवली. धडधड नाही, फुस्स नाही. नुसतं गुर्र गुर्र, गुर्र गुर्र. मांजर झोपलंय जसं.

खारुलीने कवळी परत दिली. धुऊन घ्या, म्हणाली. नानांनी ती घातली आणि आधी हातातली चकली खाल्ली. कडाम कुडुम. मग म्हणाले, "मी सकाळीच ओळखलं होतं. नाक चोंदलंय."

आक्का म्हणाल्या, "मीही तेच म्हणत होते."

आप्पा पेपराआडून म्हणाले, "मी वेगळं काय म्हणालो?"

 दादाने मात्र कापूस झटकला आणि खारुलीला दिला. कापूस जरासा काळा झाला होता. पण मऊ होता.

नाना म्हणाले, "चला, आता मला गाडीतून घरी सोडा."

दादाने सोडलं. बोळाच्या या बाजूकडून त्या बाजूला. गुर्र, पोचलेच!

तोवर खारुली गेली फांदीवर. तुरुतुरु, तुरुतुरु. गादी केली. पिल्लू निजलं.

कापूस सुटला, पिल्लू निजलं,
गाडी गुरगुरली, गोष्टीचं चाक थांबलं.