मुंगूसमामाचं आमंत्रण

फार पूर्वी, नद्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका नदीकाठच्या वाळूत टुणी नावाचं टिटवीचं पिल्लू राहत होतं. एकदा आई पलीकडच्या डबक्यावर गेली असताना एक मुंगूस शेपटी फुलवून टुणीसमोर आलं.

"ओळखलं नाहीस? अगं, मी तुझा मामा! आईचा पाय मुरगळलाय. तिनंच मला तुला न्यायला धाडलंय. चल, त्या झुडपामागून जवळची वाट आहे. गुबगुबीत किडेही आहेत तिथे!"

किडे म्हटल्यावर टुणीच्या चोचीला पाणी सुटलं. तरी ती म्हणाली, "थांबा हं मामा, शेजारच्या काकूंना सांगून येते."

"छे छे! कुणाला सांगायचं नाही. शहाणी मुलं मोठ्यांचं ऐकतात."

टुणीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मामाचं बोलणं गोड होतं, पण त्याचे डोळे तिच्या मानेवरून हलत नव्हते. ती झटकन मागे सरली आणि गळा फाडून ओरडली, "टिटिव! टिटिव!"

काकू आल्या, काका आले, सगळा थवाच मुंगसाच्या डोक्यावर झेपावू लागला.

"अहो, मी नुसती वाट विचारत होतो!" असं म्हणत ते झुडपात पसार झालं.

तेवढ्यात आई दोन्ही धडधाकट पायांवर तुरुतुरु धावत आली. सगळं ऐकून तिनं टुणीला पंखाखाली घेतलं आणि विचारलं, "आणि तो खरंच मामा असता तर गं?"

"तर मी काकूंना सांगून येईपर्यंत थांबला असता," टुणी म्हणाली.