चुन्याच्या भिंतीवरचा पाठ

समोर दिसते ती भिंत. नव्या माणसाला वाटते, पडक्या घराची उरलेली भिंत असेल. तसे नाही. ती पहिल्यापासून एकटीच उभी आहे. पूर्वी तिच्या आडोशाला चुन्याची घाणी चालायची. तुम्ही बसला आहात तो गोल चर त्या घाणीचाच आणि ते पडले आहे ते तिचे दगडी चाक. रेडा चाक ओढायचा आणि चरात चुना-वाळू मळली जायची. घाणी बंद पडून जमाना झाला, भिंत मात्र दर वर्षी नवी होते.

तिच्यावर कोळशाने लिहिले आहे तो बैठकीचा पाठ. बैठक म्हणजे दारू सोडलेल्या माणसांची. आता ती पंचक्रोशीत गावोगाव भरते, पण पाठ इथला. नवरात्राच्या तोंडावर आम्ही घरे पोतारायला काढली की भिंतीलाही चुना देतात, जुना पाठ मिटवतात आणि पुन्हा सगळा लिहितात. मधोमध ती हातभर जागा खडबडीत आहे. चुन्याचे किती हात दिले तरी ती सपाट होत नाही. पाहुणे आधी तिथेच बोट लावतात. लावा, काही होत नाही. मी या गावची सून. माझ्या सासूने मला सांगितले आणि तिला तिच्या सासूने, तसे सांगते.

हे गाव लोणाऱ्यांचे. रानात कोळसा पाडायचा, चुनखडी फोडायची, भट्टी लावायची, हाच धंदा. आणि दुसरा धंदा पिण्याचा. भट्टीच्या राखणीला बसलेला माणूस झोप येऊ नये म्हणून प्यायचा आणि घरी गेलेला झोप यावी म्हणून. पिणाऱ्याला निमित्ताचा काय तोटा! गावच्या वाटेवरच दारूचा गुत्ता होता.

सगळ्यांत आधी सोडली ती भैरूनानाने, असे सांगतात. कशी सोडली हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कोणी म्हणे म्हसोबाला शब्द दिला, कोणी म्हणे पोटात दुखायला लागले. नाना स्वतः म्हणायचा, "मला काय ठावं? मी पिऊन हुतो." सोडल्यावर तो काम उरकले की इथे चराच्या कडेवर येऊन बसायचा आणि गुत्ता मिटला की घरी जायचा. ज्याला सोडायची असेल त्याने शेजारी येऊन बसावे. बोलावे किंवा न बोलावे. एवढाच उपाय होता, आणि तो काही जणांना लागू पडला. सोपान बसू लागला, आणखी चार-दोन बसू लागले, आणि शेवटी गेनबाही आला.

या गेनबाची ओळख करून दिली पाहिजे, कारण पाठ त्याच्या हातचा. तो भेदिकाच्या, म्हणजे सवाल-जवाबाच्या गाण्यांच्या, फडात गायचा, लिहा-वाचायला शिकला होता, आणि बोलायला लागला की भांडणारी माणसेही ऐकत बसायची. गेनबाच्या तोंडात साखर आणि पोटात दारू, असे गाव म्हणायचे. त्याच्या बायकोचे नाव ठकूबाई. दोघांना एकच मुलगी, सोनी. ती लहान असताना गेनबा एकदा पिऊन भट्टीवर गेला. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळतो आणि उडतो, हे लोणाऱ्याच्या पोराला चालता येण्याआधी शिकवतात. गेनबाला पाण्याची घागर उचलवेना. त्याने सोनीला सांगितले, "तू वत." तिने ओतले. पोरीचे दोन्ही डोळे गेले.

आता पाठाचे. बैठकीचा बोलबाला झाला तशी परगावची माणसे विचारायला येऊ लागली, की बाबांनो, तुम्ही सोडली कशी? एक जण एक सांगायचा, दुसरा दुसरेच. नाना थकला होता. तो म्हणाला, "येकदा लिवून ठेवा. मी गेल्यावर तुमी माज्या नावावर काय बी खपवाल." कागद आणणार कोण आणि सांभाळणार कोण? भिंत होती, कोळसा घरचा होता. गेनबाने लिहायला घेतले.

त्याने लिहिले ते म्हणे फारच बहारदार होते. मदिरा ही राक्षसीण, संसार ही नौका, आम्ही बुडते प्रवासी, असे करत करत भिंत वरपासून खालपर्यंत भरली. मग त्याने ते चालीवर वाचून दाखवले. पुरुषांनी माना डोलावल्या. बाजूला बायका चुना चाळत होत्या, त्यांच्यात सोपानची आई हौसा होती. गेनबा वाचत होता, "लेकराबाळांची उपासमार पाहून आमचे हृदय द्रवले, आणि आम्ही दारू सोडली." हौसाची चाळणी थांबली.

"सोपाना," ती म्हणाली, "कवा रं द्रवलं? मला कसं दिसलं न्हाई?"

बायका हसल्या. हौसाचे काय चुकले होते? मग नानाने जो नियम घातला तो आजवर कोणी मोडलेला नाही. प्रत्येकाने आपले आपले वाक्य सांगायचे. ज्याला ते भोगावे लागले, त्याच्या समोर उभे राहून वाक्य वाचायचे. तो माणूस 'खरं' म्हणाला तर वाक्य राहील. नाही म्हणाला तर त्याच्यावर चुना.

मग पाठ खऱ्या अर्थाने लिहिला जाऊ लागला, म्हणजे पुसला जाऊ लागला. राक्षसीण गेली, नौका गेली. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचा कुंचा घेऊन नाना भिंतीपाशीच बसून असायचा. ओल्या चुन्याखालून कोळसा दिसत राहतो, चुना सुकला की नाहीसा होतो. त्यामुळे खोटे ठरलेले वाक्य तेवढा वेळ सगळ्यांना दिसायचे, आणि ज्याचे असेल त्याला खाली मान घालून बसावे लागायचे. सोपानने शेवटी सांगितले, "मी आईची भांडी विकली आणि चोर आला म्हणून सांगितले." हौसा म्हणाली, "खरं," आणि चुना चाळायला लागली. ते वाक्य आजही आहे, वरून दुसऱ्या ओळीत. कोणी लिहिले, "मी भावाच्या लग्नात पिऊन गेलो आणि वरातीतल्या घोड्याशी भांडलो." भाऊ म्हणाला, "खरं. घोड्याचं बी बरूबर हुतं." तेही राहिले. भरलेली भिंत आकसत आकसत चार हातांत आली. परगावची माणसे ती वाचायची आणि चराच्या कडेवर बसायची.

राहता राहिला गेनबा. दुसऱ्यांची वाक्ये लिहिताना तो स्वतःचे पुढे ढकलत होता. एकदाचे त्याने लिहिले, "माझ्यामुळे मुलीचे डोळे गेले. त्याच दिवशी मी दारू सोडली."

ठकूबाई पुढे आली. "पयलं खरं," ती म्हणाली. "दुसरं न्हाई. त्या दिशी तुमी दुप्पट प्यालात. आन् त्येच्या फुडं बी कैक वर्सं."

नानाने कुंचा फिरवला. दुसरे वाक्य गेले, पहिले राहिले. गेनबाच्या काळजाला घरे पडली असतील, पण ते खरेच होते आणि तो बसून राहिला. मात्र त्याच्या मनाने एक घेतले. पाठ लोक पिढ्यान्पिढ्या वाचणार, तर त्यात आपण नुसते पोरीचे डोळे घालवणारे म्हणून राहायचे काय? सोनीची त्याने माफी मागितली होती. ती काही बोलली नव्हती. गप्प राहिली म्हणजे माफ केले, असा त्याने अर्थ लावून घेतला. माणसाला सोयीचा अर्थ पटकन सापडतो.

आणि इथे त्याने जे केले ते एखाद्या लोणाऱ्यालाच सुचावे. सुकल्या भिंतीवरचा कोळसा पुसता येतो. पण ओल्या, घोटलेल्या चुन्यावर लिहिले तर चुना सुकताना अक्षर पोटात घेतो, मग ते धुतले तरी जात नाही. भिंतीच्या मधला भाग फुगला होता. तो दुरुस्त करतो असे सांगून गेनबाने तेवढी जागा नव्या चुन्याने लिंपली, गुळगुळीत घोटली आणि ओल्यातच लिहिले, "मी मुलीची माफी मागितली. तिने मला माफ केले." बैठकीला सांगितले ते सुकल्यावर.

नाना म्हणाला, "वाच."

गेनबाने वाचले. सगळे ठकूबाईकडे बघू लागले. ती म्हणाली, "माज्याकडं काय बगताय? ह्ये वाक्य माजं न्हाई. जिचं हाय तिला इचारा."

सोनी तोवर जाणती झाली होती. ती चराच्या पलीकडे बसून दोर वळत होती. तिला भिंत दिसत नव्हती, पण पाठ तिला पहिल्या अक्षरापासून तोंडपाठ होता, पुसलेल्या वाक्यांसकट. तिने हातातला दोर खाली ठेवला.

"माफी मागिटली, ह्ये खरं," ती म्हणाली.

"आन् फुडलं?" नानाने विचारले.

"आजून न्हाई."

नानाने कुंचा फिरवला. पण अक्षरे चुन्याच्या अंगात मुरलेली. चुना सुकला तरी पांढऱ्याखालून ती पुन्हा दिसू लागली, दुसरा हात दिला तरी दिसू लागली. गेनबाने काय केले ते तेव्हा सगळ्यांना कळले. नाना रागावला नाही असे सांगतात, पण मला ते खरे वाटत नाही. त्याने गेनबापुढे छिन्नी टाकली. "तूच लिवलंस, तूच काड."

गेनबाने स्वतःच्या हाताने 'तिने मला माफ केले' हे शब्द उकरून काढले. तुम्ही मघाशी बोट लावलेत ती जागा हीच. उकरून झाल्यावर तो उठून गावच्या वाटेला लागला. वाटेवर गुत्ता होता. कोणी त्याला अडवले नाही, कारण बैठकीत अडवायची रीत नाही. मागून सोनीचा आवाज आला.

"आबा, फुडल्या साली पुन्ना इचारा."

तो थांबला. मग परत येऊन चराच्या कडेवर बसला, गुत्ता मिटेपर्यंत.

त्यानंतर दर वर्षी भिंत चुन्याने मिटवून पाठ नव्याने लिहिण्याची आणि प्रत्येक वाक्य पुन्हा विचारण्याची रीत पडली. एका गेनबासाठी सगळी भिंत पुसायची, याला आधी काही जण कुरकुरले म्हणे. पण पुसल्यावर दिसले की काहींची वाक्ये बदलली होती. कोणाचे वर्षभरात नवे झाले होते, कोणाला जुने आता आणखी उघड सांगता येत होते. तेव्हापासून कुरकुर थांबली. गेनबा दर साली उभा राहायचा, "मी मुलीची माफी मागितली" असे वाचायचा आणि विचारायचा, "फुडलं लिवू का?" सोनी म्हणायची, "आजून न्हाई." नाना गेला. गेनबाचे केस पिकले, आवाज बसला. त्याने एकदाही पुन्हा दारूला तोंड लावले नाही. लोक सोनीला दगडाच्या काळजाची म्हणू लागले. ठकूबाईनेही एकदा तिला विनवले, की बाई, म्हातारा आता किती दिवसांचा? सोनी दोर वळत राहिली.

मग एका उन्हाळ्यात गेनबा वारला. नवरात्राआधी भिंत पोतारली, पाठ वाचायला घेतला. आता सोपान वाचत होता. गेनबाच्या वाक्यापाशी येऊन त्याने ते ओलांडले. सांगणारा गेला, मग विचारायचे कोणी?

"आबाचं ऱ्हायलं," सोनी म्हणाली.

सोपानने वाचले, "मी मुलीची माफी मागितली."

"खरं," सोनी म्हणाली. मग कोणी न विचारताच ती बोलली. "माफ तर मी त्येंला कवाच केलं हुतं. दुसऱ्या का तिसऱ्या सालीच. पर व्हय म्हणले आसते, तर फुडल्या साली इचारायला शुद्धीवर आले आसते का? मला खात्री न्हवती. म्हून न्हाई म्हणत ऱ्हायले."

सोपानच्या हातात कोळसा होता. त्याने विचारले, "मग लिवू का आता?"

"नगं," ती म्हणाली. "ज्येंनी इचारलं त्येंला ऐकू गेलं न्हाई. आता भिंतीला सांगून काय करू?" आणि ती रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना कोणी पाहिले नव्हते.

माझी सासू म्हणायची, हे तिने मागाहून जुळवले. बाप गेल्यावर मनाला लागले असेल, दुसरे काय? डोळे गेलेल्या माणसाला इतके सहज माफ करता येत नाही. असेलही. मला विचाराल तर ती खरे बोलली, आणि तिला ते फार महाग पडले. तुम्ही काय मानायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

गेलेल्यांची वाक्ये शेवटी खरी ठरली तशीच उतरवतात, म्हणून पाठात डोळ्यांच्या वाक्याखाली आजही एवढेच आहे, "मी मुलीची माफी मागितली." पुढे काही नाही. आणि आजही नवरात्राच्या तोंडावर परगावचा एखादा नवा माणूस इथे उभा राहतो, आपले वाक्य वाचतो, माफीचे पुढचे लिहू का म्हणून विचारतो, आणि त्याची बायको किंवा आई, सगळ्यांदेखत, "अजून नाही" म्हणते. त्याचा चेहरा पडतो. तेव्हा बैठकीतली जुनी माणसे सरकून त्याला चराच्या कडेवर जागा करून देतात आणि पाठीवर हात ठेवून म्हणतात, "बस. तुला एक वर्ष मिळालं."