चिंधीचं वजन

एक होतं गाव. तिथं एक राजाही होता, पण तो जरा नंतर येईल. राजे कुठं वेळेवर येतात!

गावाचं नाव वारेमाळ. डोंगराच्या अगदी कड्यावर वसलेलं. आषाढ आला की दरीतून असा वारा उसळायचा, की दावणीची म्हैससुद्धा डोळे मिटून घ्यायची. आणि या गावाची एक गंमत होती, बरं का. इथं माणसाचं वजन खाण्यापिण्यावर नव्हतं. जो स्वतःला जेवढा समजेल, तेवढं त्याचं वजन. भाकरी कितीही खा, काही उपयोग नाही.

या गावात हौसा नावाची एक बाई राहायची. अंबाडीचे दोर वळून विकायची. तिचा दोर कधी तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिला पुष्कळ नवसांनी एक मुलगी झाली. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून हौसानं तिचं नाव ठेवलं चिंधी. पण तेवढ्यानं तिचं भागेना. कुणी पोरीचं कौतुक केलं, की ती घाईघाईनं म्हणायची, "छे हो, कसलं काय! आमच्या चिंधीला काही म्हणजे काही येत नाही." पोरीनं रांगोळी काढली, तर म्हणायची, "कोंबडीनं उकरलंय जसं काही." पोरगी गायली, तर म्हणायची, "कुणी भांडी घासतंय का हो?" सगळं मायेपोटी, बरं का. इतर गावांत अशा मायेनं पोरं नुसती हिरमुसतात. वारेमाळात ती हलकी होतात.

तशी चिंधी हलकी होत गेली. आधी तिच्या पावलांचा आवाज येईना. मग चिखलात तिचं पाऊल उमटेना. मग एक दिवस तिला शिंक आली आणि ती थेट माळ्यावर जाऊन बसली.

हौसाची पाचावर धारण बसली. आषाढ तोंडावर आला होता. आता वारा सुटला की पोरीला उचलून दरीत नेणार, हे उघड होतं. मग तिनं पहिला उपाय केला. पोरीच्या कमरेला दोर बांधला आणि दोराला पाटा बांधला. वरवंटा नव्हे, अख्खा पाटा. चिंधी उडायची थांबली. पण खेळायचीही थांबली. पोरं मुद्दाम विचारायची, "चिंधे, शिवाशिवी खेळायला येतेस का?" चिंधी म्हणायची, "मला कुठं जमतंय." आणि ती असं म्हणाली की पाटासुद्धा जमिनीवरून बोटभर उचलला जायचा.

मग दुसरा उपाय. हौसा पोरीला घेऊन राजाकडे गेली. आला की नाही राजा!

राजाचं नाव गंभीरसेन. त्याचं दुखणं अगदी उलटं होतं. त्याच्या पदरी दोन भाट होते. ते सकाळ-संध्याकाळ राजाची स्तुती करायचे आणि राजा ती खरी मानायचा. त्यामुळे तो इतका जड झाला होता, की सिंहासन जमिनीत रुतून बसलं होतं आणि राजाला प्रजेकडे मान वर करून बघावं लागायचं. प्रजेला वाटायचं, काय नम्र राजा आहे!

हौसा म्हणाली, "महाराज, माझ्या पोरीला थोडं वजन द्या."

"वजन? ते तर आमच्याकडे उतू चाललंय," राजा म्हणाला. "भाटांनो, करा सुरुवात."

भाटांनी सूर लावला. "हे रूपवती! हे विद्यावती! हे रणांगण गाजवणारी वीरांगने!" चिंधीनं रणांगण सोडा, गावचा बाजारही धड पाहिला नव्हता. पण ऐकायला बरं वाटलं. तिची पावलं जमिनीला टेकली. हौसानं पाटा सोडून बाजूला ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यात थोरल्या भाटानं धाकट्याला हळूच विचारलं, "हिचं नाव काय रे?"

धाकटा म्हणाला, "कुणाला ठाऊक! तुम्ही पहिल्यापासून म्हणा. सगळ्यांना तेच चालतं."

चिंधीनं ते ऐकलं. आणि ती सरळ वर गेली आणि छताला चिकटली. राजानंही ऐकलं. तो विचारात पडला. त्याला ते सवयीचं नव्हतं.

मग काय, हौसानं कमरेच्या दोराला धरून पोरीला खाली ओढलं आणि घरची वाट धरली. पाटा राहिला दरबारात. वाट कड्याच्या काठानं जात होती. वाऱ्यानं काही पंचांग पाहिलं नव्हतं. तो त्याच दिवशी उठला. हौसाचा दोर तुटला नाही, तो तुटत नसतोच. पण पोरीच्या कमरेला घाईत मारलेली गाठ सुटली. दोर आईच्या हातात राहिला आणि चिंधी गेली वर.

दरीवर वाकलेला एक उंबर होता. त्याच्या शेंड्याला चिंधी अडकली. मग वारा जरा दम खायला थांबला. पण तो पुन्हा येणार होता.

गाव गोळा झालं. जड माणसं झाडावर चढेनात, फांदी मोडली असती. हलकी माणसं एकमेकांना धरून लांब उभी राहिली. आणि शहाणी माणसं सल्ले देऊ लागली. हौसा दोर फेकत होती, पण तो पोहोचत नव्हता.

चिंधीनं खाली पाहिलं. खाली दरी होती. तिला रडू आलं. मग त्या रडण्याचाच तिला राग आला. ती स्वतःशी म्हणाली, 'वारा यायच्या आत मला या फांदीला बांधून घेतलं पाहिजे. आणि बांधणार कोण? मीच.'

उंबरावर गुळवेल चढली होती. चिंधीनं तिच्या वेली ओढून घेतल्या. पाळण्यात होती तेव्हापासून आईला दोर वळताना ती बघत आली होती. आईनं हात मात्र कधी लावू दिला नव्हता. तिनं पीळ घातला. सोडला, तर दोर भसकन उलगडला.

"बघ, मला मेलीला—" ती म्हणू लागली. तशी फांदी वर उचलली गेली आणि तिचा हात निसटता निसटता राहिला. चिंधीनं पुढचा शब्द गिळला. "एकच पदर घेतला म्हणून सुटला," ती म्हणाली. "दोन घ्यायचे. उलट्या पिळानं."

मग तिनं दोन पदर घेतले. ताणून पाहिला, तर दोर मधेच तुटला. चिंधीनं तुटलेलं टोक निरखलं. "वेल वाळकी होती. ओली घ्यायची," एवढंच म्हणाली. फांदी करकरली, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं ओली वेल घेतली. बोटं सोलवटली. पायाच्या अंगठ्यात टोक धरून ती वळत राहिली. खालून हौसा ओरडली, "चिंधे, राहू दे गं! तुला नाही यायचं ते! मी करते काहीतरी!"

वरून आवाज आला, "आई, जरा गप्प बस. पीळ सुटतोय माझा."

सगळं गाव गप्प झालं. आणि काय सांगू! ती फांदी हळूहळू वाकायला लागली. आणखी वाकली. आणखी वाकली. झुकत झुकत कड्याकडे आली आणि चिंधीची टाच खडकाला लागली. चिंधीनं चमकून खाली पाहिलं. दोर तर अजून अर्धाच होता. ती फांदीवरून उतरली, आणि तिचा भार गेल्याबरोबर फांदी सण्णकन वर गेली.

तेवढ्यात वारा आला. त्यानं चार पागोटी नेली, एक सूप नेलं, पाटलांचा कोंबडा नेला. चिंधी मात्र हातात अर्धा दोर घेऊन जिथल्या तिथं उभी. दोर काही फार चांगला नव्हता, बरं का. मधेच जाड, मधेच बारीक. ते चिंधीलाही दिसत होतं. तरी तिचा पाय तसूभर हलला नाही.

शेजारीण म्हणाली, "हौसाबाई, पोरीनं कमाल केली हो!"

हौसाच्या तोंडून सवयीनं निघालं, "छे हो, कसलं काय, आमच्या चिंधीला—"

चिंधीनं आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. हौसा थांबली. तिनं तो दोर हातात घेतला, ओढून पाहिला. "आमच्या चिंधीला दोर वळता येतो," ती म्हणाली. "अजून हात कच्चा आहे. पण येतो."

मग मायलेकी घरी गेल्या. चिखलात दोघींची पावलं शेजारी शेजारी उमटली.

राजानं दुसऱ्या दिवशी भाटांना हुकूम केला, "रोज माझ्याबद्दल एक तरी खरी गोष्ट सांगायची." बिचारे दुपारपर्यंत घाम पुसत बसले. शेवटी धाकटा धीर करून म्हणाला, "महाराज, आपण फार घोरता." सिंहासन बोटभर वर आलं. असं करत करत राजा एक दिवस आपल्या पायांनी उठून बागेत फिरायला गेला. सगळे सुखानं राहिले. कोंबडासुद्धा सापडला.

झालं. आता डोकी उशीवर ठेवा, पाय पसरा आणि अंग गादीवर सैल सोडा. वारा बाहेर आहे, त्याला बाहेरच राहू दे. झोपा.