प्रत्युच्चार

ऐकलेली आज्ञा देणाऱ्यालाच शब्दशः परत ऐकवणे म्हणजे प्रत्युच्चार. वैमानिक तो करतो, म्हणूनच चुकीची ऐकलेली उंची वेळीच उघड होते आणि विमानांची टक्कर टळते.

विमानतळाचे नवे संचालक हुदलीकर यांना त्यात निव्वळ कालापव्यय दिसला. नियंत्रण कक्षात येऊन ते गरजले, "उद्यापासून ही पोपटपंची बंद! एकदा सांगितलं की पुरे."

नियंत्रक मृणाल केसकर समोरच बसल्या होत्या.

"केसकरबाई, ऐकलंत ना?"

"हो, साहेब."

"काय ऐकलंत? सांगा बघू!"

"मी समोर बसले आहे, तरी आपल्याला खात्री हवी. वैमानिक तर ढगांत असतो, साहेब."

हुकूम तिथेच बारगळला. लोक सांगतात, साहेब खजील झाले. ते साफ चूक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रत्युच्चाराच्या महत्त्वावर तासभर व्याख्यान दिले आणि केसकरबाईंना पहिल्या रांगेत बसवले.