अळणी वाटी

“आणि उताराच चुकीचा असला तर, बाबा?”

सिद्धनाथ शिंगाडेनं मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका चौरंगावर ठेवली. ठेवली कसली, आदळलीच म्हणा ना.

नागनाथबाबा तांदूळ निवडत होते. मठात येण्याआधी त्यांनी तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं होतं. त्यामुळे मठाच्या सभामंडपात पाच-सहा वर्षांपासून स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांची अभ्यासिका भरायची. पोरं चाळीस, पंखे दोन, आणि दुपारचं जेवण मठाचं.

या चाळिसांत सिद्धनाथ म्हणजे म्होरक्या. पुण्यात दोन वर्षं क्लास केलेला. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारा. एका उताऱ्याला आठ मिनिटं, नववं लागलं तर सोडून पुढे व्हा. हे सगळं तो बाकीच्यांना घडाघडा शिकवायचा, आणि शिकवलेली पोरं पासही व्हायची. हा मात्र मागच्या पूर्वपरीक्षेत एका गुणानं राहिला. एका! वय सरत आलेलं. तीन आठवड्यांवर आलेली परीक्षा ही त्याची शेवटची संधी होती, आणि ही गोष्ट तो दिवसातून दहा वेळा स्वतःलाच सांगायचा.

“काय चुकीचं आहे?” बाबांनी विचारलं.

“धनगरांवरचा उतारा आहे. मी धनगराचा पोरगा. वाटेवर, मेंढरांच्या वाड्यावर जन्मलोय. आणि हा लेखक म्हणतो, मेंढपाळ पावसाळ्यात कोकणात उतरतात! पावसाळ्यात! अहो, तिथल्या पावसात खुरं सडून मेंढरं मरतील. शाळकरी पोरसुद्धा हसेल.”

“मग तू काय उत्तर दिलंस?”

“खरं ते दिलं.”

“आणि?”

“चूक धरलं. चुकीचा पाव गुण वर कापला. उत्तरतालिका आली तेव्हा हरकत घेतली मी. आमच्या तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, सहीचा कागद जोडला, मेंढपाळ संस्थेचं पत्र जोडलं. हरकत फेटाळली. एका ओळीत. ‘उताऱ्यानुसार पर्याय दोन बरोबर.’”

बाबांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले.

सिद्धनाथचा चेहरा उजळला. वर्षभरात असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

“आता लेखकाचं सांग. तो काय म्हणतो?”

“तो म्हणतो ते साफ…”

“साफ नको. म्हणतो काय?”

“म्हणतो की पावसाळ्यात कोकणात जातात, पण त्याला काय माहीत, एसीत बसून…”

“एसी उताऱ्यात आहे?”

“…नाही.”

“परत सांग.”

“पावसाळ्यात जातात असा त्याचा गैरसमज…”

बाबा पुन्हा तांदळाकडे वळले. सिद्धनाथला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला. त्याच्या नाकावरचा राग काही खाली उतरला नाही.

तांदूळ निवडून झाले तसं बाबांनी सूप त्याच्याकडे सरकवलं.

“हे स्वयंपाकघरात दे. आणि सोनाबाई गिरणीतून आल्या असतील, त्यांना सांग, डाळीत मीठ घालू नका.”

सिद्धनाथ निघाला. वाटेत त्याचं डोकं चालूच होतं, त्याला सवयच होती तशी. चाळीस पोरांची डाळ अळणी? असं कुठं असतंय का? मग त्याला बाबांच्या फळीवरची गोळ्यांची पाकिटं आठवली. हां! बीपी! म्हातारा स्वतःपुरतं बोलला, पण नीट सांगितलं नाही. बरं झालं, निरोप आपल्याकडे आला. दुसरा कुणी असता तर सगळ्या पंगतीची वाट लागली असती.

सोनाबाई परातीत पीठ चाळत होत्या. चुलीवर डाळीचं भलंमोठं पातेलं रटरटत होतं.

“काकू, बाबांना बीपीचा त्रास आहे. त्यांची वाटी अळणी बाजूला काढा, आणि मग बाकीच्या डाळीत मीठ घाला.”

“होय व्हय? मला कुणी बोललंच न्हाई की,” सोनाबाई हळहळल्या. त्यांनी एक वाटी काढली, वर झाकण ठेवलं, आणि पातेल्यात मूठ मूठ करून मीठ घातलं.

एक वाजता पंगत बसली.

पहिला घास गेला आणि अख्ख्या पंगतीनं तोंडं वाकडी केली. एकाला ठसका लागला. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “काकू, आज समुद्र आणलाय का पातेल्यात?” पाण्याचे तांबे फिरायला लागले.

सोनाबाईंनी बोटावर डाळ घेऊन चाखली आणि कपाळाला हात लावला.

“आरं देवा! ह्यात आधीच कुणीतरी मीठ टाकलंय!”

“मी टाकलं,” बाबा म्हणाले. “तुम्ही गिरणीत गेलात, डाळ शिजत आली होती. तसा निरोपही धाडला.”

“ह्यो निरोप?” सोनाबाई पळी घेऊन सिद्धनाथवर धावल्या. “का रं लेका, बीपी-बीपी करून मला काय सांगितलंस? चाळीस पोरांच्या तोंडचा घास घालवलास की!”

पंगतीत खसखस पिकली. ज्यांना तो रोज उतारे शिकवायचा, तीच पोरं ताटात तोंड घालून हसत होती. सिद्धनाथला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सगळ्या पंगतीत एकटे बाबा तेवढे भात कालवून डाळ खात होते. त्यांची वाटी छान झाली होती.

त्यांनी मान वर केली. “मी काय सांगितलं होतं?”

“डाळीत मीठ घालू नका.”

“आणखी?”

“…आणखी काही नाही.”

“बीपी?”

“ते मी घातलं.”

बाबांनी मान हलवली आणि ताक मागून घेतलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्याचाच सिद्धनाथला जास्त त्रास झाला.

जेवणं झाली. सिद्धनाथनं एकट्यानं ते पातेलं घासलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. हात पुसत तो मंडपात आला. प्रश्नपत्रिका चौरंगावर तशीच पडली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

“पण तुम्ही कारण का नाही सांगितलंत?” त्यानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“वाच,” बाबांनी बोटानं उतारा दाखवला.

त्यानं वाचला. या वेळी प्रश्न आधी पाहिले नाहीत. पेन्सिल घेतली नाही. ती पावसाळ्याची ओळ आली. डोळ्यांपुढे तात्या उभे राहिले, खांद्यावर कोकरू, पुढे लांबच लांब रस्ता. या लेखकानं तात्यांना कधी पाहिलंसुद्धा नसेल. सिद्धनाथला खूप वाईट वाटलं. तरी तो शेवटपर्यंत वाचत गेला.

“काय म्हणतो लेखक?”

“लेखक म्हणतो…” तो थांबला. जिभेवर ‘पण’ आला होता. त्यानं तो गिळला. “मेंढपाळ पावसाळ्यात कोकणात उतरतात.”

“पुढं?”

“पुढं काही नाही. एवढंच म्हणतो.”

“पर्याय?”

“दोन.”

बोलून झाल्यावर त्याला आपण तात्यांशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले. तो उठायला लागला.

बाबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. प्रश्नपत्रिकेची घडी केली आणि चौरंगाखाली सरकवून दिली. मग स्वतः पुढे सरकून, मांडी घालून, त्याच्यासमोर बसले.

“आता तू सांग. मेंढरं कोकणात खरंच कधी उतरतात? अगदी पहिल्यापासून सांग… मी मधे बोलणार नाही.”